लघवीतला ई. कोलाय आणि रक्तातला ई. कोलाय

प्रश्न विचारणारे गृहस्थ नागपूरचेच आहेत. आई ६८ वर्षांची, मधुमेह जुना. ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, आईला लघवीची जळजळ सुरू झाली. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला आणि नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्यांनी उतार पडला. बारा दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, भरती करावं लागलं, आणि रक्ताच्या कल्चरमध्येही ई. कोलायच निघाला. दुसऱ्या रिपोर्टवर मात्र नायट्रोफ्युरँटॉइनचं नावच नाही. बीएस्सीला असलेला भाचा म्हणतो, "मामा, जंतू म्यूटेट झाला." शेजारचे म्हणतात, लॅब बदला. यांना मुख्यतः दोन गोष्टी विचारायच्या आहेत: जंतू तोच की दुसरा, आणि तोच असेल तर शरीरातली जागा बदलली की जंतूही बदलतो का?

मी सव्वीस वर्षं नागपुरात मायक्रोबायोलॉजीची लॅब सांभाळते आहे. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, कारण आपल्याकडे एप्रिल ते जून पाणी कमी पडतं, लघवी कमी होते आणि मूत्रमार्गाचे संसर्ग वाढतात. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी लॅबची बाजू सोडवते, कारण ती सोपी आहे. नायट्रोफ्युरँटॉइन पोटात गेलं की मूत्रपिंडं ते भराभर लघवीत टाकतात. लघवीत ते भरपूर असतं, रक्तात नाममात्र. रक्तातून निघालेला जंतू लॅबमध्ये, जंतू वाढवायच्या प्लेटवर, त्या औषधाने मरेलही, पण रुग्णाच्या रक्तात ते औषध पुरेसं पोचणारच नाही. म्हणून रक्ताच्या रिपोर्टवर ते नाव मुद्दाम लिहीत नाहीत. कुणा डॉक्टरने घाईत 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध जंतूला लागू) बघून तेच लिहून दिलं तर रुग्ण जिवाला मुकेल. असंच डॅप्टोमायसिन या अँटिबायोटिकचं. रक्तातल्या स्टॅफिलोकोकस या जंतूवर ते चांगलं चालतं, पण न्यूमोनियात निकामी, कारण फुप्फुसातला साबणासारखा पातळ थर, सर्फॅक्टंट, त्याला धरून ठेवतो. रिपोर्टवरचा 'एस' हा फक्त जंतू आणि औषध यांच्यातला हिशेब नसतो, त्यात जागाही धरलेली असते. तुमच्या लॅबने बरोबर केलं आहे, बदलू नका.

आता जंतू तोच का? तुम्ही पाठवलेल्या दोन रिपोर्टांची बाकीची यादी मी ताडून पाहिली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, कोट्रायमोक्सॅझोल, सेफ्ट्रिॲक्सोन दोन्हीकडे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. ॲमिकॅसिन आणि मेरोपेनेम दोन्हीकडे 'एस'. वयस्क बाईच्या रक्तात ई. कोलाय सापडला तर तो बहुतेक वेळा मूत्रमार्गातूनच वर गेलेला असतो. तेव्हा बहुधा तोच. शंभर टक्के सांगायचं तर दोन्ही जंतूंचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचावा लागेल. त्यासाठी पैसे घालवू नका, आईच्या उपचारात त्याने काडीचाही फरक पडणार नाही.

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जंतू बदलतो, पण प्रत्येक बदल म्हणजे म्यूटेशन, डीएनएच्या अक्षरांतला बदल, नव्हे. खरी मजा तिथे आहे, म्हणून आता थोडं सविस्तर.

ई. कोलाय हे एक आडनाव समजा. विदर्भात नुसतं 'देशमुख' म्हणून कुणाचा पत्ता लागेल का? तसंच हे. २००२ मध्ये तीन ई. कोलायचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले गेले: एक प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेला गरीब के-१२, एक रक्ती हगवण करणारा ओ१५७, आणि एक मूत्रपिंडाला सूज आलेल्या बाईकडून मिळालेला सीएफटी०७३. तिघांची मिळून जितकी वेगवेगळी प्रथिनं होती, त्यातली फक्त ३९.२ टक्के तिघांमध्ये समान निघाली. एकाच जातीचे म्हणवणारे तीन जंतू, आणि निम्म्याहून जास्त सामान वेगवेगळं! हे जादा सामान बहुतेक उसनं आणलेलं असतं: दुसऱ्या जंतूंकडून, जंतूंना लागणाऱ्या विषाणूंकडून, प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वर्तुळांतून. आपल्या आतड्यात एका वेळी ई. कोलायचे अनेक स्ट्रेन, म्हणजे पोटप्रकार, गुण्यागोविंदाने राहतात. मूत्राशयापर्यंत चढणारा त्यांतला एखादाच, ज्याच्याकडे तिथे टिकायचं सामान आधीपासून आहे.

मूत्राशयात टिकायचं म्हणजे काय, तर दर तीन-चार तासांनी येणाऱ्या पुरात उभं राहायचं. त्यासाठी या जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांना पिली म्हणतात. टाइप-१ पिलीच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं. ते मूत्राशयाच्या पेशींवरच्या मॅनोज साखरेला धरतं. यात गंमत अशी की ही पिली उगवायची की नाही, हे डीएनएच्या एका ३१४ अक्षरांच्या तुकड्यावर ठरतं. हा तुकडा जागच्या जागी उलटा-सुलटा फिरतो. एका दिशेला असला की पिली चालू, उलटला की बंद. म्हणजे एकाच वसाहतीत काही जंतू तंतूवाले, काही बिनतंतूवाले. आणि शरीरही काही कमी नाही. लघवीत यूरोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं, निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त तेच असतं. त्याच्यावरही मॅनोज असतं. जंतू त्याला पेशी समजून चिकटतो आणि लघवीबरोबर वाहून जातो. मी विद्यार्थ्यांना हे शिकवते तेव्हा वर्गात हमखास कुणीतरी हसतं.

मूत्रपिंडात गेल्यावर हिशेब बदलतो. तिथल्या पेशींवर वेगळ्या प्रकारचे साखरेचे रेणू असतात. त्यांना धरायला पी-पिली लागतात, आणि पायलोनेफ्रायटिसच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या संसर्गाच्या, रुग्णांत त्या असलेले स्ट्रेन जास्त दिसतात. मग लोखंड. लोखंडाशिवाय बहुतेक जंतूंची वाढ होत नाही, आणि शरीर ते कुलूपबंद ठेवतं. रक्तात ट्रान्सफेरिनने धरलेलं असतं. ई. कोलाय एंटरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडतो, तो लोखंड हिसकावून परत आणतो. यावर आपल्या शरीराकडे लिपोकॅलिन-२ आहे, ते एंटरोबॅक्टिनच पकडून बसतं. त्यावर काही स्ट्रेनची युक्ती अशी की एंटरोबॅक्टिनला ग्लुकोज जोडून त्याचा आकार बदलायचा. मग तो लिपोकॅलिनच्या पकडीत बसत नाही. आतड्यात असल्या खटपटीची फारशी गरज नसते. रक्तात त्याच्यावाचून निभत नाही. शिवाय रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जंतूला भोकं पाडतात, त्यांच्यापासून वाचायला कॅप्सूल, म्हणजे अंगाभोवती साखरेचं जाड पांघरूण, लागतं.

कॅप्सूलचा विषय निघाला म्हणून एक. नवजात बाळांच्या मेंदूज्वरात जो ई. कोलाय सापडतो त्यातल्या बहुतांश स्ट्रेनचं पांघरूण के-१ प्रकारचं असतं. ते पॉलिसायॅलिक ॲसिडचं बनलेलं असतं. आपल्या स्वतःच्या मज्जापेशींवरही तीच साखर असते, त्यामुळे शरीराला हा परका आहे हे चटकन ओळखूच येत नाही. मेंदूज्वर करणाऱ्या बी गटाच्या मेनिंगोकॉकस या जंतूनेही हेच पांघरूण घेतलं आहे, आणि म्हणूनच त्याच्या कॅप्सूलपासून लस करणं जमलं नाही. दुसऱ्या प्रथिनांकडे वळावं लागलं.

तर आता भाच्याकडे. वर जे सांगितलं त्यातलं बरंचसं म्यूटेशन नाही. मे महिन्यात डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून निघणारा नागपूरकर डिसेंबरात स्वेटर घालून दिसतो. माणूस तोच, कपाटही तेच. जंतूचं तसंच. तापमान, लोखंड, ऑक्सिजन, आम्लता बघून तो जीन्स चालू-बंद करतो आणि परत प्लेटवर आणला की पूर्ववत होतो. तुमच्या आईच्या बारा दिवसांत झालं असेल ते मुख्यतः हेच.

म्यूटेशन ही वेगळी गोष्ट. ती म्हणजे घर-शेत विकून पुण्याला गेल्यासारखं, परतीची वाट जवळजवळ बंद. ती घडायला मात्र मुळीच वेळ लागत नाही. ई. कोलायच्या जीनोममध्ये साधारण ५० लाख अक्षरं असतात, आणि अंदाजे हजार जंतू दुभंगले की एखाद्यात एक अक्षर चुकतं. लघवीच्या दर मिलीलिटरला एक कोटी जंतू आणि मूत्राशयात २०० मिलीलिटर लघवी धरा. २०० कोटी जंतू झाले. दर पिढीला सुमारे २० लाख चुका. बहुतेक वाया जातात. पण एखादी त्या जागी कामाची ठरली तर तोच जंतू पुढे उरतो.

आणि कामाच्या ठरणाऱ्या चुका बहुतेक कुठल्या असतात? इथे लोकांची कल्पना नेमकी उलटी असते. त्यांना वाटतं जंतू नवं शस्त्र कमावतो. मी जे पाहते त्यात तो बहुतेकदा काहीतरी टाकून देतो. स्वीडनमधील एका मुलीच्या मूत्राशयात एक ई. कोलाय तब्बल तीन वर्षं राहिला, ना जळजळ ना ताप. ८३९७२ हा त्याचा नंबर. त्याचा जीनोम बघितला तर लक्षात येतं की टाइप-१ पिलीचे जीन्स तुटलेले, पी-पिलीही कामाची राहिलेली नाही. चिकटणं बंद केलं, पेशींना टोचणं बंद झालं, मुलीच्या शरीराने दुर्लक्ष केलं, आणि हा लघवीत सुखाने वाढत राहिला. पुढे हाच स्ट्रेन, वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडण्यात आला, भांडखोर जंतूंना जागा मिळू नये म्हणून. २०१० मध्ये त्या रुग्णांतून परत मिळवलेल्या जंतूंचे जीनोम वाचले गेले, तर प्रत्येक रुग्णात बदल वेगळे. एकाच घरचे भाऊ वेगवेगळ्या गावी नोकरीला लागावेत आणि दोन वर्षांत प्रत्येकाची भाषा बदलावी, तसं.

फुप्फुसात हे सगळं फार ठळक दिसतं, आणि आपल्याकडे त्याची उदाहरणं ढिगाने आहेत, कारण टीबी बरा झाल्यावर मागे उरलेली फाटकी, रुंद झालेली श्वासनलिका, ब्रॉन्किएक्टेसिस. त्यात स्यूडोमोनास एकदा शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. हा मूळचा ओलाव्यातला जंतू: सिंक, नळ, साचलेलं पाणी. (नागपूरकरांना लगेच कूलर आठवेल. टाकीतलं पाणी बदलत जा, एवढंच म्हणते.) नवा शिरलेला स्यूडोमोनास प्लेटवर बघण्यासारखा असतो: हिरवट रंग, द्राक्षांसारखा गोडूस वास, पसरट कॉलनी (वसाहत), शेपटीने भराभर पोहणारा. चार-पाच वर्षांनी त्याच रुग्णाची थुंकी आली की प्लेटवर शेंबडासारखे ओघळ. प्लेट तिरकी केली तर ओघळतो. हिरवा रंग फिका, पोहणं बंद.

झालेलं असतं ते असं. म्यूकए नावाचा जीन हा एक ब्रेक आहे. तो तुटला की जंतू अल्जिनेट बनवतच राहतो; समुद्री शेवाळात असतं तेच अल्जिनेट. त्या लगद्यात पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत आणि औषधही तोकडं पडतं. शेपटी गेली, कारण शेपटी दिसली की शरीर ओळखतं. लास-आर नावाचा, जंतूंना आपसात संदेश देणारा नियंत्रक गेला. बाहेरचा ओ-अँटिजेन गेला. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात चिकट कफ साचणारा जन्मजात आजार) झालेल्या एका मुलाच्या बाबतीत वयाच्या सहाव्या महिन्यातला आणि आठव्या वर्षातला स्यूडोमोनास ताडून पाहण्यात आला. त्यात ६८ म्यूटेशन्स सापडली आणि तीव्र आजारासाठी लागणारी बरीच साधनं बंद पडलेली होती. एकदम मारणारा जंतू हळूहळू भाडेकरू झाला. भाडं मात्र रुग्ण भरतो, दर वर्षी थोडं थोडं फुप्फुस देऊन.

यात आणखी एक पेच आहे. काही स्यूडोमोनासमध्ये डीएनएची चूक दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडते, म्हणजे म्यूटेशनचा वेग शेकडो पटींनी वाढतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिस्टिक फायब्रोसिसच्या ३६ टक्के रुग्णांत असे जंतू सापडले. तात्पुरत्या संसर्गाच्या रुग्णांत एकही नाही. परिणाम आम्ही टेबलावर बघतो. एकाच थुंकीतून चार कॉलनी उचला, चारींची सेन्सिटिव्हिटी वेगळी. असा रिपोर्ट गेला की फोन येतो, "मॅडम, तुमचा रिपोर्ट मागच्या महिन्याशी जुळत नाही." जुळणार कसा? मागच्या महिन्यात दुसरा भाऊ उचलला होता. जुन्या फुप्फुसरुग्णात एका रिपोर्टवरून औषध बदलत सुटू नये, असं माझं मत आहे. रुग्ण कसा आहे ते आधी बघा.

हाडाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं व्हायचं नाही. काही वर्षांपूर्वी एका तरुणाच्या नडगीतला नमुना आला. अपघात, आत धातूची प्लेट आणि स्क्रू, अकरा महिने जखमेतून पाणी, आणि स्वॅबवर दोनदा 'नो ग्रोथ'. मी सर्जनना म्हटलं, स्वॅब नको, ऑपरेशनमध्ये हाडाचेच चार-पाच तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत द्या. तुकडे आले, लावले. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, काहीच नाही इथं, टाकून देऊ?" "काहून एवढी घाई बाप्पा, इन्क्युबेटर काय भाड्याने आणलाय?" चौथ्या दिवशी ब्लड अगरवर, म्हणजे रक्त घातलेल्या माध्यमावर, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. सोनेरी रंग नाही, भोवती रक्त विरघळल्याचं कडं नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल असं बघून कुणी म्हणणार नाही. पण तोच होता. खरं सांगायचं तर त्याआधीच्या वर्षांत असे कितीतरी नमुने मी स्वतः दुसऱ्या दिवशी 'नो ग्रोथ' म्हणून फेकले असणार.

याला स्मॉल कॉलनी व्हेरियंट म्हणतात. या जंतूने हीम किंवा मेनाडिओन बनवणं सोडलेलं असतं, त्यामुळे त्याची श्वसनसाखळी मंदावते. तो हळू वाढतो, विष कमी बनवतो, आणि हाड बनवणाऱ्या पेशींच्या आत जाऊन दडून बसतो. जेंटामायसिनसारखं औषध आत ओढून घ्यायला जंतूच्या पडद्यावर जो विद्युतदाब लागतो, तोच याच्याकडे कमी. म्हणून ते औषध याला लागत नाही. कोट्रायमोक्सॅझोल दीर्घकाळ चालू असेल तर थायमिडिनवर अवलंबून असलेला वेगळाच प्रकार तयार होतो, त्याला साध्या माध्यमावर वाढवणंही कठीण. याखेरीज २०१७ मध्ये असं दिसून आलं की स्टॅफ हाडातल्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये शिरतो. जंतूचा व्यास साधारण एक मायक्रॉन, नळी त्याहून अरुंद, तरी हा अंग चोळून आत जातो. तिथे पांढरी पेशी मावतच नाही. काही वर्षं गेली, परिस्थिती अनुकूल झाली की यांतले काही पुन्हा मूळ रूपात येतात. मग घरचे म्हणतात, "बरा झाला होता की, अचानक कसं उलटलं?"

नाकातल्या स्टॅफबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी. साधारण चारातल्या एका माणसाच्या नाकात तो असतोच, निरुपद्रवी. एका व्यक्तीच्या नाकातला आणि पुढे तिच्याच रक्तात गेलेला स्टॅफ ताडला, २०१२ साली. फरक फक्त आठ म्यूटेशन्सचा, आणि त्यांतल्या निम्म्यांनी प्रथिनं अर्धवट तुटली होती. पुन्हा तेच, गमावणं.

घशातला स्ट्रेप्टोकोकस पायोजीनस याहून सरळ उदाहरण आहे. त्याच्यात कोव्ह-आरएस नावाचा लगाम असतो. पांढऱ्या पेशींच्या माऱ्यात तो लगाम तुटलेले जंतू उरतात, त्यांचं पांघरूण जाड होतं, आणि मांसात-रक्तात घुसून ते थैमान घालतात. पण हेच जंतू घशात टिकायला कमी पडतात. म्हणजे त्या रुग्णाबरोबर ते संपतात. जंतूला उद्याचं काही दिसत नाही. आज, या जागी, या तासाला काय चाललं तेवढंच. याच्या उलट टायफॉइडचा जंतू. त्याने २०० हून अधिक जीन्स मोडीत काढले, माणसाखेरीज दुसऱ्या कुणात राहायची सोयच ठेवली नाही, पण पित्ताशयातल्या खड्यांवर थर करून वर्षानुवर्षं बसायचं मात्र साधलं. न्यूयॉर्कची मेरी मॅलन यामुळेच इतिहासात गेली: स्वतः ठणठणीत, स्वयंपाक करून वाढायची आणि घरोघरी टायफॉइड. म्हणूनच टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात आम्ही रक्त मागतो आणि नंतर शौच. जंतूची जागा बदलते तसा नमुना बदलतो.

कधीकधी जंतू काहीच बदलत नाही, बदलते ती जागा. विदर्भातल्या डॉक्टरांना हे सांगावं लागत नाही, कारण सिकलसेलची मुलं त्यांच्या ओपीडीत रोज असतात. विळ्यासारख्या लाल पेशी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडाचा तुकडा मरतो. आतड्याच्या अस्तरालाही तसाच मार बसतो. प्लीहा लहानपणीच निकामी होते. मग आतड्यातला साल्मोनेला, टायफॉइडच्या जंतूचा भाऊबंद, रक्तात उतरतो आणि त्या मेलेल्या हाडात घर करतो. एरवी हाडात स्टॅफच शोधायचा असतो. या मुलांत साल्मोनेलाही शोधावा लागतो, आणि फॉर्मवर कुणी 'सिकलसेल' लिहिलं नसेल तर आम्हाला ते कळायला मार्ग नाही. मधुमेहात यकृताचा फोडा आला की क्लेब्सिएला हा जंतू मनात धरायचा. त्याच्या काही स्ट्रेनच्या कॉलनीला लूप (तारेचं छोटं कडं) लावून उचललं की पाकाच्या तारेसारखी तार निघते. पाच मिलिमीटरहून लांब निघाली तर मी रिपोर्ट टाइप होण्याआधी वॉर्डात फोन करते, कारण तो तिथून डोळ्यात जाऊ शकतो आणि दृष्टी जायला वेळ लागत नाही.

आता तुमच्या आईकडे परत. तुम्हाला रागवायचं नाही, पण पहिल्या रिपोर्टच्या फॉर्मवर 'लघवी' एवढंच लिहिलेलं आहे. वय नाही, मधुमेह नाही, कंबरेत दुखतं का, थंडी वाजते का, काही नाही. जंतूचं नाव शोधणं आमचं काम. तो कुठून आला, कशा माणसातून आला, नमुना मधल्या धारेचा की नळीचा, आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलं, हे तुम्ही किंवा डॉक्टरांनी लिहायचं. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतं चांगलं औषध आहे, मूत्रपिंडाच्या पेशींत ते पुरेसं उतरत नाही; आणि मधुमेहात मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं असेल तर लघवीतही कमी पडतं. जंतू त्या वेळी आधीच वर पोचला असेल, तर खाली जळजळ थांबली आणि वर तो वाढत राहिला, असं झालेलं असू शकतं. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: सोनोग्राफीत कुठे खडा किंवा अडथळा दिसतो का, आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते. जुन्या मधुमेहात मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि साचलेल्या पाण्यात जंतूला कशालाही चिकटावं लागत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, नसेल झालं तर करून घ्या. दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलीत ठेवा, मोबाइलच्या गॅलरीत नव्हे.

शेवटचं तुम्ही विचारलंत की औषधांचा कोर्स संपल्यावर खात्री म्हणून लघवीचं कल्चर पुन्हा करायचं का. ताप नाही, जळजळ नाही, जेवण पूर्ववत आहे, तर करू नका. जुना मधुमेह असलेल्या वयस्क बायकांच्या लघवीत लक्षणांशिवाय जंतू सापडणं फार सामान्य आहे. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला की घरात घबराट, मग नवं अँटिबायोटिक, आणि कदाचित त्या स्वीडिश मुलीतल्या जंतूसारखाच एखादा शांत भाडेकरू हाकलून त्या जागी दुसरा भांडखोर येणार. गर्भवती बाईचं किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेल्या रुग्णाचं वेगळं, तिथे लक्षण नसतानाही औषध देतात. आईचं तसं नाही. थंडी वाजून ताप परत आला तर मात्र घरी गोळी देऊन वाट बघू नका. थेट न्या, आणि रक्त व लघवी दोन्हीचे नमुने अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायला सांगा, रक्त दोन वेगळ्या जागी टोचून.